‘हॅव’ समजून घ्यायचं तर ‘आहे’ आणि ‘घे’ वेगळे करा

‘शी हॅज अ बेबी’ म्हणजे तिला बाळ आहे. ‘शी इज हॅविंग अ बेबी’ म्हणजे तिला बाळ होणार आहे. क्रियापद तेच, बाळही तेच, पण पहिल्या वाक्यातलं बाळ पाळण्यात आहे आणि दुसऱ्यातलं अजून यायचंय. इंग्रजीतलं ‘हॅव’ शिकताना मराठी माणसाचा जो घोळ होतो, तो बहुतेक सगळा या दोन वाक्यांतल्या फरकाशी येऊन थांबतो.

बडोद्यात हा घोळ रोज कानावर पडतो. परदेशी शिकायला जायचं म्हणून आयइएलटीएसची तयारी करणारी मुलं इथे गल्लोगल्ली आहेत, त्यांत दांडियाबाजार-रावपुऱ्यातली मराठी मुलंही आली. त्या परीक्षेच्या तोंडी भागात सुरुवातीलाच घर, कुटुंब, काम, शिक्षण, आवडीनिवडी यांबद्दल विचारतात. म्हणजे पहिल्या चार-पाच मिनिटांतच ‘हॅव’शी गाठ पडते. आणि चांगली वाचणारी, हुशार मुलंही तिथे म्हणून जातात, ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स.’ भारतात हे वाक्य सगळ्यांना कळतं. भारतीय इंग्रजीची ही ओळखीची खूण आहे, असं भाषेचे अभ्यासकही मानतात. पण ब्रिटिश किंवा अमेरिकन कानाला त्यात आत्ता काहीतरी चालू आहे असं ऐकू येतं, आणि दोन भाऊ ही काही चालू असायची गोष्ट नव्हे. ‘हे चूक, ते बरोबर, पाठ करा’ एवढं सांगून ही सवय जात नाही, असा माझा शिकवतानाचा अनुभव आहे. ती आपल्या भाषेच्या घडणीतून येते, म्हणून तिचा उपायही मी आपल्याच भाषेत शोधतो.

मूळ गोष्ट अशी की मराठीत ‘हॅव’साठी स्वतंत्र क्रियापद नाही. मालकी सांगताना आपण ‘असणे’ वापरतो आणि नातं कसलं आहे ते माणसाच्या शब्दाला जे जोडतो त्यातून दाखवतो. ‘मला दोन भाऊ आहेत’, ‘गायीला चार पाय आहेत’: रक्ताची माणसं आणि शरीराचे अवयव देता-घेता येत नाहीत, त्यांना ‘ला’. ‘माझ्याकडे स्कूटर आहे’: स्कूटर उद्या विकता येईल, म्हणून ‘कडे’. ‘माझ्याजवळ सुट्टे आहेत’: आत्ता, खिशात. ‘माझं खंडेराव मार्केटपाशी दुकान आहे’: इथे ‘चा-ची-चं’ पुरतं. ‘तिच्यात धीर आहे’: गुण माणसाच्या आत असतो. हा भेद आपण कधी शिकलो नाही, तरी तो चुकला की लगेच खटकतो. ‘माझ्याकडे दोन भाऊ आहेत’ म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटेल, भाऊ चार दिवस राहायला आलेत. ‘मला स्कूटर आहे’ असं तर कुणी म्हणतच नाही.

इंग्रजी हा सगळा बारकावा सोडून देते. भाऊ, पाय, स्कूटर, सुट्टे पैसे, दुकान, धीर, शंका, ताप, सगळ्यांना एकच ‘हॅव’. इतक्या पाच-सहा तऱ्हा बाळगणाऱ्या माणसाला हे खरं तर सोपं जायला हवं. अडचण इथे येते की आपल्या वाक्यात शेवटी ‘आहे’ असतं, आणि ‘आहे’ म्हटलं की शाळेपासून डोक्यात ‘ॲम, इज, आर’ बसलेले असतात. ‘माझ्याकडे गाडी आहे’ इंग्रजीत नेताना मूल ‘आहे’साठी ‘ॲम’ ठेवतं, मग मालकी दाखवायला ‘हॅव’ही हवं असतं, आणि दोन्ही एकत्र बसवायचा एकच मार्ग दिसतो: ‘आय ॲम हॅविंग अ कार.’ त्यामागे तर्क आहे, फक्त तो मराठीचा आहे.

बडोद्याच्या मुलांना शेजारपाजारूनही मदत मिळत नाही. गुजरातीत ‘मारे बे भाई छे’ आणि ‘मारी पासे स्कूटर छे’, हिंदीत ‘मेरे दो भाई हैं’ आणि ‘मेरे पास गाड़ी है’. घरात मराठी, रस्त्यावर गुजराती, टीव्हीवर हिंदी, आणि तिन्हींत असण्याचंच क्रियापद. संस्कृतातही षष्ठी लावून ‘तस्य त्रयः पुत्राः सन्ति’, म्हणजे त्याचे तीन पुत्र आहेत. रशियन माणूस ‘माझ्यापाशी आहे’ याच धाटणीनं बोलतो. अरबी, आयरिश, फिन्निश याही भाषा मालकी अशीच सांगतात. तेव्हा आपली मांडणी जगावेगळी नाही. ‘मी बाळगतो’ असं मालकाला कर्ता करून सांगणं, ही इंग्रजीची आणि तिच्या युरोपातल्या बहुतेक शेजाऱ्यांची रीत आहे.

ही रीत आली कुठून, हे पाहिलं की पुढचं बरंच सोपं होतं. इंग्रजी ‘हॅव’ आणि जर्मन ‘हाबेन’ ज्या जुन्या धातूतून आले, त्याचा अर्थ पकडणे, हातात घेणे. लॅटिनमधलं ‘कापेरे’, म्हणजे पकडणे, त्याच धातूचं, आणि ‘कॅप्चर’ हा शब्द त्यातून आलेला. लॅटिन ‘केंतुम’ म्हणजे शंभर, त्याच्या जागी इंग्रजीत ‘हंड्रेड’ दिसतं, तसाच इथेही ‘क’च्या जागी ‘ह’ आला आहे. लॅटिनमध्ये ‘हाबेरे’ असंही क्रियापद आहे, अर्थही ‘हॅव’चाच, पण ते वेगळ्या धातूचं, दोघांचं साम्य योगायोगाचं. हे मला फार सुंदर वाटतं, आणि वर्गात सांगितलं की मुलांचे डोळेही चमकतात. आपल्या कामाचं त्यातलं एवढंच: ‘हॅव’च्या पोटात मुळात घेणं आहे. जे घेतलं ते हातात राहिलं, हातात राहिलं ते माझं झालं. घेणं आणि असणं, दोन्ही एकाच शब्दात वस्तीला आहेत.

मराठीत हे दोन शब्द वेगळे आहेत, आणि त्याचाच आपल्याला फायदा. कुठलंही ‘हॅव’ समोर आलं की ते वाक्य मनात मराठीत म्हणून बघा. शेवटी नुसतं ‘आहे’ आलं, तर ते स्थितीचं ‘हॅव’; त्याला ‘इंग’ लावायचा नाही. ‘घे’ किंवा दुसरं एखादं हलतं क्रियापद आलं, म्हणजे घेतोय, करतोय, जेवतोय, होतंय, तर ते कृतीचं ‘हॅव’. त्याला ‘इंग’ खुशाल लावा.

‘माझ्याकडे गाडी आहे’: ‘आय हॅव अ कार.’ ‘मला शंका आहे’: ‘आय हॅव अ डाउट’, आणि ‘आय ॲम हॅविंग अ डाउट’ नाही. प्रश्नच विचारायचा असेल तर तिथे ‘अ क्वेश्चन’ म्हणावं, कारण ‘डाउट’मध्ये अविश्वासाची छटा येते. आता दुसरी बाजू. ‘आम्ही जेवतोय’: ‘वी आर हॅविंग लंच.’ ‘बाबा विश्रांती घेतायत’: ‘ही इज हॅविंग अ रेस्ट.’ ‘त्या दोघी गप्पा मारतायत’: ‘दे आर हॅविंग अ चॅट.’ ‘आमच्या सोसायटीत आज गरबा आहे’ या वाक्यात मात्र थोडं थांबावं लागतं. शेवटी ‘आहे’ दिसतं, पण अर्थ ‘आम्ही गरबा करतोय’ असा, ठरलेल्या कार्यक्रमाचा. म्हणून ‘वी आर हॅविंग अ गरबा टुनाइट’ बरोबर. असं ‘आहे’ भेटलं की त्याच्या जागी ‘करतोय’ किंवा ‘होणार’ ठेवून पाहावं. गाडीच्या वाक्यात तसं ठेवता येत नाही.

आणखी एक कसोटी आपल्या पंगतीतली आहे. कृतीच्या ‘हॅव’चा आग्रह करता येतो, स्थितीच्या ‘हॅव’चा नाही. ‘अजून एक पुरणपोळी घ्या’: ‘हॅव अनदर पुरणपोळी.’ ‘बसा’: ‘हॅव अ सीट.’ ‘दोन भाऊ घ्या’ असा आग्रह कुणाला करणार? ‘चहा घेणार का?’ हे वाक्य तर ‘विल यू हॅव सम टी?’शी शब्दाला शब्द जुळतं. मराठी आणि इंग्रजी इतक्या जवळ येतात अशा जागा थोड्याच आहेत.

पण ही वाट एकेरी आहे. कृतीच्या ‘हॅव’मध्ये बहुधा ‘घे’ सापडतो, म्हणून प्रत्येक ‘घे’चं ‘हॅव’ होत नाही. औषध घ्यायचं ते ‘टेक मेडिसिन’, फोटो घ्यायचा तो ‘टेक अ फोटो’. आपल्याकडे ‘टेक टी’, ‘टेक लंच’ ऐकू येतं ते याच ‘घ्या’च्या ओढीनं. खाण्यापिण्याला ‘हॅव’, औषधाला ‘टेक’, हे लक्षात ठेवावं. अंघोळीच्या बाबतीत ब्रिटिश लोक ‘हॅव अ बाथ’ म्हणतात, अमेरिकन ‘टेक अ बाथ’. दोन्ही चालतात, मधला ‘अ’ मात्र सोडू नये.

आजारपणात ही कसोटी फसते, हे आधीच सांगायला हवं. ‘माझं डोकं दुखतंय’, ‘मला सर्दी झालीय’, ‘पोटात दुखतंय’ यांत हलती क्रियापदं आहेत, आणि इंग्रजीत मात्र ‘आय हॅव अ हेडेक’, ‘आय हॅव अ कोल्ड’. इंग्रजी आजाराला जवळ असलेली गोष्ट मानते. इथे मराठी बाजूला ठेवून तेवढे आठ-दहा शब्द सरळ पाठ करावेत. अडचणीचं मात्र कसोटीप्रमाणे चालतं: ‘नेटवर्कचा त्रास होतोय’ म्हणजे ‘वी आर हॅविंग ट्रबल विथ द नेटवर्क’, इथे ‘होतोय’ आहे आणि ‘इंग’ही आहे.

कृतीच्या ‘हॅव’बद्दल एक मजेचा प्रश्न ॲना व्हिएझबित्स्का या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी १९८२ साली मांडला होता. इंग्रजीत ‘हॅव अ ड्रिंक’ म्हणता येतं, मग ‘हॅव अन ईट’ का नाही? त्यांचं उत्तर थोडक्यात असं की या साच्यात बसणारी कृती थोडा वेळ चालणारी, पुन्हा पुन्हा करता येणारी आणि करणाऱ्याला बरं वाटेल अशी असते. ‘हॅव अ लुक’, ‘हॅव अ स्विम’, ‘हॅव अ चॅट’, ‘हॅव अ गो’ यांत तो हलकेपणा आहे. आपण ‘बघ’च्या जागी ‘जरा बघ’ म्हणतो, ‘पोह’च्या जागी ‘थोडं पोहून घे’ म्हणतो, तसा. परीक्षेत ‘आय सॉ द पेंटिंग्ज’ म्हणण्याऐवजी ‘आय हॅड अ लुक ॲट द पेंटिंग्ज’ म्हणणाऱ्या मुलाची भाषा लगेच मोकळी वाटू लागते.

इथल्या ‘अ’कडे नीट पाहावं. या कृतींना ‘अ’ लागतो, पण जेवणाच्या वेळांना लागत नाही: ‘हॅव ब्रेकफस्ट’, ‘हॅव लंच’, ‘हॅव डिनर’. सकाळी सेव उसळ खाल्ली तर ‘आय हॅड सेव उसळ फॉर ब्रेकफस्ट’. मात्र जेवणाला विशेषण लागलं की ‘अ’ परत येतो: ‘वी हॅड अ हेवी लंच.’ आणि ‘हॅव अ वर्ड विथ हिम’ म्हणजे त्याच्याशी जरा बोल. तेच ‘हॅव वर्ड्‌स विथ हिम’ झालं की त्याच्याशी वाजलं.

आता मालकीच्या वाक्यातली दुसरी चूक, जी मला ‘हॅविंग’पेक्षाही जास्त वेळा भेटते: ‘ही हॅव टू सिस्टर्स.’ ‘ही’ला ‘हॅज’ लागतं, हे लहान मुलालाही माहीत असतं. तरी चूक का होते? कारण मराठीत क्रियापद मालकाकडे बघत नाही, वस्तूकडे बघतं. ‘त्याला दोन बहिणी आहेत’: बहिणी अनेक, म्हणून ‘आहेत’. ‘त्यांचं एक घर आहे’: माणसं अनेक, पण घर एक, म्हणून ‘आहे’. हा हिशोब तसाच इंग्रजीत गेला की ‘ही हॅव टू सिस्टर्स’ आणि ‘दे हॅज वन हाउस’ तयार होतात. इंग्रजीत क्रियापद मालकाचं ऐकतं: मालक ‘ही’, ‘शी’, ‘इट’ किंवा एकच कुणी असेल तर ‘हॅज’, मग वस्तू एक असो की शंभर. प्रश्नात आणि नकारात ‘डझ’ आलं की ‘हॅज’चं काम ‘डझ’नं उचललेलं असतं, म्हणून पुढे साधं ‘हॅव’: ‘डझ शी हॅव अ ब्रदर?’

याच रांगेतली तिसरी चूक जागेची. बडोद्याच्या जुन्या शहराला चार दरवाजे आहेत: लहेरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडीगेट. हे सांगताना मुलं लिहितात, ‘इन ओल्ड सिटी हॅज फोर गेट्स’, कारण मनात ‘जुन्या शहरात’ असतं. ‘इन’ लावलं की शहर ही नुसती जागा होते, मालक उरत नाही, आणि ‘हॅज’ला मालक लागतो. एक तर ‘द ओल्ड सिटी हॅज फोर गेट्स’ म्हणावं, किंवा ‘देअर आर फोर गेट्स इन द ओल्ड सिटी’. दोन्हींची खिचडी करू नये.

भूतकाळात सगळ्यांना ‘हॅड’. बडोद्याच्या खंडेराव महाराजांना मुलगा नव्हता, म्हणून त्यांच्या मागे राणी जमनाबाईंनी १८७५ साली नाशिककडच्या एका खेड्यातल्या गोपाळरावाला दत्तक घेतलं, तेच पुढे सयाजीराव तिसरे झाले, ही गोष्ट बडोद्यातल्या मराठी घरांत सांगितली जाते. इंग्रजीत तिची सुरुवात ‘खंडेराव हॅड नो सन’ किंवा ‘खंडेराव डिड नॉट हॅव अ सन’ अशी होईल. जुन्या पद्धतीच्या पुस्तकांत ‘हॅव यू अ पेन?’ किंवा ‘आय हॅव नॉट अ पेन’ अशी वाक्यं सापडतात. आजोबांच्या पिढीनं ती शिकली, आज ती कुणी फारशी बोलत नाही. आणि कृतीच्या ‘हॅव’ला प्रश्नात ‘डू’, ‘डिड’ घेतल्याशिवाय चालतच नाही: ‘डिड यू हॅव अ गुड टाइम?’

‘हॅव गॉट’मुळे मुलं बिचकतात, कारण त्यात ‘गेट’ दिसतं. घडण बघितली तर ते ‘मिळवलेलं आहे’ असं आहे, आणि मिळवलेलं आहे म्हणजे आता जवळ आहे. आपल्याला हे नवं नाही. ‘तो बसला आहे’ म्हणताना बसण्याची क्रिया होऊन गेलेली असते, आपण सांगत असतो ती आत्ताची स्थिती. ‘हॅव गॉट’ नेमकं तसंच, म्हणून ते फक्त ‘आहे’च्या घरात शोभतं: ‘आयव्ह गॉट टू ब्रदर्स’ बरोबर, पण ‘मी आठ वाजता नाश्ता करतो’ या अर्थी ‘आयव्ह गॉट ब्रेकफस्ट ॲट एट’ नाही. ब्रिटनमध्ये बोलताना हे फार चालतं, अमेरिकेत साध्या ‘हॅव’कडे कल जास्त. भूतकाळात साधं ‘हॅड’ पुरतं.

‘आहे’ आणि ‘घे’ याच दोन शब्दांवर ‘हॅव’चे आणखी दोन उपयोग उभे आहेत. ‘मला दोन पत्रं लिहायची आहेत’: ‘आय हॅव टू लेटर्स टू राइट.’ यातूनच ‘आय हॅव टू राइट’, म्हणजे ‘मला लिहायचंच आहे, लिहावं लागणार’. हे ‘आहे’चं घराणं. बोलताना हे ‘हॅफ टू’ आणि ‘हॅस टू’ असं ऐकू येतं, तसंच म्हणावं. आणि ‘स्कूटर दुरुस्त करून घेतली’: ‘आय हॅड माय स्कूटर रिपेअर्ड.’ इथे काम मेकॅनिकनं केलं, मी करून घेतलं. हे ‘घे’चं घराणं. ‘आय रिपेअर्ड माय स्कूटर’ म्हटलं तर पाना तुमच्या हातात होता असा अर्थ होईल. केसांचंही तेच: ‘आय हॅड माय हेअर कट.’

शेवटची अडचण ‘हॅव हॅड’ची. एकाच वाक्यात दोनदा ‘हॅव’ आलं की छपाईची चूक वाटते. पहिलं ‘हॅव’ नुसतं काळ सांगायला आलेलं मदतनीस, दुसरं ‘हॅड’ खरं क्रियापद. दुपारी दारात आलेल्याला आपण पहिलं काय विचारतो? ‘जेवण झालं का?’ तेच ‘हॅव यू हॅड लंच?’ आणि ‘तो आला तेव्हा माझं जेवण झालं होतं’ म्हणजे ‘आय हॅड हॅड माय लंच व्हेन ही केम.’ उत्तर देताना प्रश्नातलं मदतनीस क्रियापद उचलायचं, खाण्याचं नव्हे. ‘हॅव यू हॅड लंच?’ला ‘येस, आय हॅव.’ ‘डिड यू हॅव लंच?’ला ‘येस, आय डिड.’ ‘हॅव यू गॉट अ पेन?’ला ‘येस, आय हॅव.’ ‘डू यू हॅव अ पेन?’ला ‘येस, आय डू.’